भारतातील मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती सेवांचा सार्वजनिक निधी

भारतातील मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती सेवांचा सार्वजनिक निधी म्हणजे मनोविकारांवरील उपचार, मनोरुग्णांची शुश्रूषा व पुनर्वसन, तसेच दारू व अंमली पदार्थांच्या व्यसनातून सोडवणूक यांसाठी केंद्र व राज्य सरकारांनी सरकारी तिजोरीतून केलेला खर्च होय. हा खर्च एका खात्यातून होत नाही. आरोग्य, सामाजिक न्याय, एड्स नियंत्रण आणि राज्यांचे स्वतःचे अर्थसंकल्प अशा निरनिराळ्या वाटांनी तो रुग्णापर्यंत पोहोचतो, किंवा वाटेतच थांबतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ या कायद्याने मानसिक आजारावरील उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला व त्यासाठी पुरेशी आर्थिक तरतूद करण्याचे बंधन सरकारवर घातले. हा हक्क आणि प्रत्यक्ष तरतूद यांतील अंतर हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

पूर्वपीठिका

ब्रिटिश अमदानीत मनोरुग्णांवरील सरकारी खर्च हा उपचारापेक्षा बंदोबस्ताचा खर्च होता. १८५८ च्या कायद्यांनी वेड्यांच्या इस्पितळांची रीतसर व्यवस्था लावली आणि १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याने तीत सुधारणा केली. रुग्णाला दाखल करण्याचा हुकूम दंडाधिकारी देत असे. रुग्णाची मालमत्ता असल्यास पोषणाचा खर्च तीतून वसूल होई, नसल्यास तो सरकार सोशी. १९२० च्या सुमारास ‘वेड्यांचे इस्पितळ’ हे अधिकृत नाव जाऊन ‘मनोरुग्णालय’ या अर्थाचे नाव आले. बोलीतून मात्र जुना शब्द गेला नाही. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला जागा आहे का’ असे वाक्प्रयोग महाराष्ट्रात आजही थट्टेत केले जातात. मनोरुग्णांसाठी सरकार काय करते, याविषयीची सर्वसामान्य माणसाची कल्पना त्या चार भिंतींपाशी किती काळ अडली होती, हे त्यांवरून कळते.

१९४६ साली सादर झालेल्या भोर समितीच्या अहवालाने अखंड भारतातील मनोरुग्णालयांत सुमारे १० हजार खाटा असल्याचे नोंदविले आणि लोकसंख्येच्या मानाने त्या अत्यंत अपुऱ्या असल्याचे सांगितले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत खर्चाचा ओघ मोठ्या रुग्णालयांकडे व प्रशिक्षण संस्थांकडे राहिला. बंगळुरूची राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था (निम्हान्स) १९७४ मध्ये जुने मनोरुग्णालय व प्रशिक्षण संस्था यांच्या एकत्रीकरणातून उभी राहिली. रांची व तेजपूर येथील संस्थाही केंद्राच्या निधीवर चालतात.

सरकारी सेवा जेथे पोहोचत नाही तेथे काय होते, याचे दारुण उदाहरण म्हणजे तामिळनाडूतील एरवाडीची दुर्घटना. तेथील दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवून घेणारी खासगी निवासस्थाने होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांपैकी एकास आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण मृत्युमुखी पडले. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. बहुतेक कुटुंबांनी आपले माणूस श्रद्धेने तेथे सोडले होते, हे खरे. त्यांच्या गावाजवळ दुसरी सोय नव्हती, हेही तितकेच खरे.

घटनात्मक विभागणी

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्य सूचीतील विषय आहे. मनोविकार व मनोरुग्णांच्या उपचारांची ठिकाणे हा विषय मात्र समवर्ती सूचीत येतो. मादक पेये व त्यांवरील उत्पादन शुल्क पुन्हा राज्यांकडे आहे. यामुळे कायदा केंद्राने करावयाचा, रुग्णालय राज्याने चालवावयाचे आणि दारूचा महसूल राज्याने घ्यावयाचा, अशी रचना तयार झाली. घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. ते न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नाही.

राष्ट्रीय व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम

केंद्र सरकारने १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्यामागे दोन प्रयोग होते. चंदीगडच्या संस्थेने हरियाणातील रायपूर राणी येथे आणि बंगळुरूच्या संस्थेने साकलवाडा येथे केलेले हे काम होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना थोडे प्रशिक्षण दिल्यास ते अपस्मार, तीव्र मनोविकृती, नैराश्य यांसारखे आजार ओळखू शकतात व नेहमीची औषधे देऊ शकतात, हे त्यांतून दिसून आले. पुढे बळ्ळारी जिल्ह्यात हा प्रयोग संपूर्ण जिल्ह्याच्या पातळीवर झाला. मात्र १९८२ च्या कार्यक्रमास पहिली अनेक वर्षे स्वतःचा म्हणावा असा पुरेसा निधीच नव्हता. उद्दिष्टे कागदावर होती, लेखाशीर्ष रिकामे होते.

१९९६ मध्ये बळ्ळारीच्या धर्तीवर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. नवव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात तो २७ जिल्ह्यांत होता, तर अकराव्या योजनेच्या काळात १२३ जिल्ह्यांत. आता तो ७५० हून अधिक, म्हणजे देशातील जवळजवळ सर्व जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार क्षेत्रातील सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका व नोंदणी सहायक असे पथक, बाह्यरुग्ण सेवा, जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा कक्ष, औषधे, तालुक्याच्या गावी शिबिरे आणि शाळा-महाविद्यालयांतील समुपदेशन अशी त्याची रूपरेषा आहे.

बाराव्या योजनेच्या काळात एका जिल्ह्यासाठी वर्षाला कमाल सुमारे ८३ लाख रुपये असे प्रमाण ठरले. वीस लाख लोकवस्तीच्या जिल्ह्यात हे दरडोई वर्षाला चार रुपयांच्या आसपास भरते. ही रक्कम राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येते. बहुतेक राज्यांत केंद्राचा वाटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असतो, ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांत तो ९० व १० असतो. राज्याने वार्षिक आराखडा पाठवावयाचा, केंद्राने मंजुरी द्यावयाची, हप्ता राज्याच्या कोषागारात यावयाचा आणि तेथून जिल्ह्याच्या आरोग्य संस्थेकडे जावयाचा, असा हा प्रवास आहे. आर्थिक वर्षाच्या अखेरीस हाती आलेला हप्ता मार्चपूर्वी नियमात बसवून खर्च करणे जिल्ह्याला अवघड जाते.

२०१७ चा कायदा व खर्चाची जबाबदारी

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याची जागा २०१७ च्या कायद्याने घेतली. हा कायदा २०१८ मध्ये अंमलात आला. त्याचे १८ वे कलम निधीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. सरकारने चालविलेल्या वा सरकारी पैशातून चालणाऱ्या सेवांकडून परवडणाऱ्या खर्चात, चांगल्या दर्जाचे व घराजवळ मिळणारे उपचार घेण्याचा हक्क त्याने प्रत्येक व्यक्तीस दिला. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याजवळ शिधापत्रिका वा दाखला असो वा नसो, तसेच निराधार व बेघर व्यक्तीला उपचार विनामूल्य मिळाले पाहिजेत. आवश्यक औषधांच्या यादीतील मनोविकारांवरील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी केंद्रांत सर्व मनोरुग्णांना नेहमी मोफत मिळावीत, असेही हे कलम सांगते. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसल्यास रुग्ण त्याच जिल्ह्यात अन्यत्र उपचार घेऊ शकतो व त्याचा खर्च सरकारने द्यावयाचा आहे.

याच कलमात अर्थसंकल्पाविषयी एक उपकलम आहे. तरतूद ‘पर्याप्तता, अग्रक्रम, प्रगती व समन्याय’ या चार कसोट्यांवर उतरली पाहिजे, असे ते म्हणते आणि चारही शब्दांचा अर्थही सांगते. पर्याप्तता म्हणजे महागाई भरून निघेल इतकी रक्कम. अग्रक्रम म्हणजे इतर लेखाशीर्षांच्या तुलनेत तिचे स्थान. समन्याय म्हणजे आजाराचा रुग्ण, कुटुंब व सांभाळ करणारी माणसे यांच्यावर पडणारा आरोग्यविषयक, सामाजिक व आर्थिक भार लक्षात घेऊन केलेली वाटणी. प्रगती म्हणजे शासनाच्या प्रतिसादात होत जाणारी सुधारणा. भारतीय कायद्यांत खर्चाची कसोटी इतक्या स्पष्ट शब्दांत क्वचितच आढळते. परंतु कोणत्याही कसोटीसाठी आकडा दिलेला नाही. विधेयकासोबतच्या आर्थिक ज्ञापनातही एकूण खर्चाचा अंदाज किंवा केंद्र व राज्ये यांच्यातील वाटणी नव्हती. २०१९ मध्ये निम्हान्समधील तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात कायद्याच्या पूर्ण अंमलबजावणीचा वार्षिक खर्च सुमारे ९४ हजार कोटी रुपये काढला होता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०२४-२५ च्या संपूर्ण तरतुदीपेक्षाही ही रक्कम मोठी आहे. त्यामुळे हा अंदाज वादाचा विषय होऊ शकतो. मात्र सरकारकडून त्याला पर्यायी असा तपशीलवार हिशेब पुढे आलेला नाही.

व्यसनाच्या दृष्टीने कायद्याची व्याख्या महत्त्वाची आहे. दारू व अंमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश ‘मानसिक आजार’ या संज्ञेत केलेला आहे. म्हणून वर सांगितलेले सर्व हक्क व्यसनाधीन व्यक्तीलाही लागू होतात. व्यसन हा आजार की दुर्गुण, हा वाद घरोघरी चालत असला, तरी कायद्यापुरता तो मिटला आहे.

केंद्रीय अर्थसंकल्प

२०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मानसिक आरोग्याच्या स्वतंत्र शीर्षांखाली सुमारे १,००० कोटी रुपये होते. आरोग्य मंत्रालयाच्या सुमारे ९१ हजार कोटींच्या तरतुदीत हा वाटा एक टक्क्याच्या जवळपास येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या पाहणीत विविध देशांच्या सरकारी आरोग्यखर्चातील मानसिक आरोग्याच्या वाट्याचे मध्यमान सुमारे दोन टक्के होते.

या १,००० कोटींपैकी ८५० कोटी एकट्या निम्हान्ससाठी होते. तेजपूरच्या संस्थेस ६४ कोटी आणि दूरध्वनीवरील समुपदेशनाच्या ‘टेली-मानस’ या कार्यक्रमास ९० कोटी होते. जिल्हा कार्यक्रमाची रक्कम राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मोठ्या आकड्यात मिसळलेली असल्याने ती अर्थसंकल्पात वेगळी दिसत नाही. देशभरात एकूण किती खर्च होतो हे एका ओळीत वाचता येत नाही ते यामुळेच. निम्हान्सचे कार्य निर्विवाद मोठे आहे. देशाला लागणारे तज्ज्ञ व संशोधन तेथून मिळते. तथापि बंगळुरूमधील खाट नंदुरबारच्या किंवा कालाहांडीच्या रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. निधी संस्थांभोवती साचतो, हे निरीक्षण अभ्यासकांनी वारंवार नोंदविले आहे.

टेली-मानसची घोषणा कोरोनाच्या साथीनंतर २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात झाली व १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, १४४१६ हा क्रमांक सुरू झाला. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणाऱ्या या सेवेला पहिल्या दोन वर्षांत १४ लाखांहून अधिक दूरध्वनी आले. तिची तरतूद २०२३-२४ मध्ये सुमारे १३४ कोटी होती, पुढील वर्षी ती ९० कोटी झाली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या तृतीय स्तरावरील सेवांची तरतूदही अशीच उतरली. २०१८-१९ मध्ये ती ५० कोटी व २०१९-२० मध्ये ४० कोटी होती, आणि सुधारित अंदाजांत तिचा बराच भाग कमी करण्यात आला.

व्यसनमुक्तीचा निधी

व्यसनमुक्तीच्या खर्चाची व्यवस्था मानसिक आरोग्यापेक्षा अधिक विखुरलेली आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने अंमली पदार्थांचा व्यापार व बाळगणे यांस कडक शिक्षा ठेवल्या. त्याच कायद्याच्या ७१ व्या कलमाने व्यसनाधीनांच्या उपचारांसाठी केंद्रे काढण्याचा अधिकार सरकारला दिला. १९८९ च्या दुरुस्तीने अंमली पदार्थांच्या गैरवापराच्या नियंत्रणासाठी एक राष्ट्रीय निधीही निर्माण केला. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीस खटल्यापासून संरक्षण देण्याची सोयही या कायद्यात आहे. या कायद्याच्या अंमलबजावणीत पकडण्याचा भाग मोठा आणि उपचाराचा भाग लहान राहिला.

उपचाराचे काम प्रामुख्याने दोन मंत्रालयांकडे आहे. आरोग्य मंत्रालय सरकारी रुग्णालयांतील व्यसनमुक्ती विभागांना साहाय्य देते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे गाझियाबाद येथील राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्र त्याचे तांत्रिक नेतृत्व करते. सामाजिक न्याय मंत्रालय १९८५-८६ पासून स्वयंसेवी संस्थांना अनुदान देते. त्यातून साधारणतः १५ किंवा ३० खाटांची एकात्मिक पुनर्वसन केंद्रे चालतात. मंजूर खर्चाच्या ९० टक्के अनुदान व उरलेला वाटा संस्थेचा, अशी जुनी पद्धत होती. २०१८ पासून ही योजना अंमली पदार्थांची मागणी कमी करण्याच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात सामावली गेली आणि १५ ऑगस्ट २०२० पासून २७२ जिल्ह्यांत ‘नशामुक्त भारत अभियान’ सुरू झाले. या मंत्रालयाची दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. आरोग्य मंत्रालयाचा क्रमांक १४४१६ आहे. एका अंकाचा हा फरक दोन मंत्रालयांतील विभागणीचे नमुनेदार उदाहरण म्हणता येईल. याखेरीज इंजेक्शनद्वारे अंमली पदार्थ घेणाऱ्यांना पर्यायी औषध देण्याचे काम एड्स नियंत्रणाच्या निधीतून चालते. त्यामागे एचआयव्हीचा प्रसार थांबविणे हा हेतू आहे. ज्याला दारूचे व्यसन आहे व नैराश्यही आहे, अशा रुग्णाने कोणत्या खात्याच्या दारात जावे, याचे सरळ उत्तर या व्यवस्थेत मिळत नाही. प्रत्यक्षात असे रुग्ण फार मोठ्या संख्येने असतात.

गरज किती मोठी आहे ते सामाजिक न्याय मंत्रालयासाठी झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसते. १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू घेतात आणि सुमारे ५.७ कोटी लोकांना दारूच्या समस्येसाठी मदतीची आवश्यकता आहे, असे तीत आढळले. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकास कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळालेला होता. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला माणूस १८० जणांत एक होता.

याच्या शेजारी दारूच्या महसुलाचा आकडा ठेवावा लागतो. मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे आणि राज्य उत्पादन शुल्क हे बहुतेक राज्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे. महाराष्ट्रात या शुल्काचे उत्पन्न अलीकडील वर्षांत वार्षिक २० हजार कोटी रुपयांच्या पुढे गेले असून विक्रीकर त्याशिवाय आहे. ही रक्कम राज्याच्या संचित निधीत जमा होते. तिचा ठरावीक हिस्सा व्यसनमुक्तीसाठी राखून ठेवण्याचे बंधन नाही. केरळमध्ये उत्पादन शुल्क खात्यानेच ‘विमुक्ती’ हे अभियान चालवून जिल्ह्या-जिल्ह्यांत व्यसनमुक्ती केंद्रे काढली आहेत. जे खाते कर गोळा करते त्याच्याकडे उपचाराचीही काही जबाबदारी आली, हे या योजनेचे वेगळेपण होय. पंजाबने २०१७ पासून अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी बाह्यरुग्ण दवाखान्यांचे जाळे उभारले आहे. रुग्णाला महिनाभर खाटेवर ठेवण्यापेक्षा रोजच्या औषधाचा मार्ग कमी खर्चाचा पडतो व रोजगारही बुडत नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा (पुणे), नागपूर व रत्नागिरी येथे चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांपैकी नागपूरचे १८६४ मधील, रत्नागिरीचे १८८६ मधील आणि ठाण्याचे १९०१ मधील आहे. चारही ठिकाणच्या मंजूर खाटा मिळून साडेपाच हजारांहून अधिक होतात व त्यांत येरवड्याच्या २,५४० खाटा सर्वाधिक आहेत. राज्याच्या मानसिक आरोग्यावरील खर्चात या रुग्णालयांचे वेतन, आहार व देखभाल यांचा वाटा मोठा असतो. मराठवाड्यासारख्या मोठ्या प्रदेशात यांपैकी एकही नाही. केंद्राच्या मनुष्यबळ विकास योजनेतून ज्या संस्थांची निवड उत्कृष्टता केंद्र म्हणून झाली, त्यांत पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था होती.

या रुग्णालयांपुढील एक जुना प्रश्न बरे होऊनही घरी न गेलेल्या रुग्णांचा आहे. कुटुंब पत्ता बदलते, नेण्यास नकार देते किंवा उरतच नाही. रुग्ण वीस-वीस वर्षे तेथेच राहतो व त्याच्यावर रुग्णालयाच्या दराने खर्च होत राहतो. २०१७ च्या कायद्याने अशांसाठी अर्धवाट गृहे व आधारयुक्त निवासाची सोय करण्यास सांगितले आहे. ती पुरेशी उभी न राहिल्याने काही राज्यांनी अशा व्यक्तींना भिक्षेकरी गृहांत वा वृद्धाश्रमांत हलविले. महाराष्ट्रातील अशा स्थलांतराची २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गंभीर दखल घेतली व ते थांबविण्यास सांगितले. मुंबई उच्च न्यायालयातही दीर्घकाळ दाखल असलेल्या रुग्णांविषयी जनहित याचिकेवर सुनावणी झाली आहे.

सरकारी जागा व लोकांची देणगी यांच्या मेळाचे महाराष्ट्रातील सर्वपरिचित उदाहरण पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केले. पु. ल. देशपांडे व सुनीता देशपांडे यांचे अर्थसाहाय्य त्यामागे होते. पुढे केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजनेखाली येणाऱ्या संस्थांत त्याची गणना झाली. अशा संस्थांच्या कामावर सरकारी अनुदानाच्या हप्त्यांचा परिणाम होतो. हप्ता लांबला की समुपदेशकांचे मानधन लांबते, आणि ज्या कामात रुग्णाचा विश्वास एका माणसावर बसलेला असतो तेथे समुपदेशक सोडून जाणे ही किरकोळ बाब नसते.

गडचिरोलीत लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. बंदीमुळे दुकाने गेली, चोरटी विक्री उरली व व्यसनी माणसाच्या उपचाराचा प्रश्नही उरला. त्यासाठी २०१६ मध्ये राज्य शासन, डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था व टाटा ट्रस्ट यांनी मिळून दारू व तंबाखू नियंत्रणाचा ‘मुक्तिपथ’ कार्यक्रम सुरू केला. गावातील संघटन, अंमलबजावणी व तालुका पातळीवरील उपचार एकत्र आणणारा हा प्रयत्न होता. चंद्रपूरमध्ये २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. त्या वेळची चर्चा मुख्यतः महसूल व अवैध विक्री यांभोवती फिरली, उपचार केंद्रांचा विषय तीत फारसा आला नाही. राज्याने २०११ मध्ये व्यसनमुक्ती धोरण जाहीर केले असून प्रचाराच्या कामासाठी नशाबंदी मंडळासारख्या संस्थांना अनुदान दिले जाते.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर आरोग्य विभागाने २०१५ पासून विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ राबविला. आशा कार्यकर्तींनी घरोघर जाऊन ठरावीक प्रश्न विचारावयाचे व ताणाखाली असलेल्या व्यक्तीस समुपदेशकाकडे न्यावयाचे, अशी त्याची पद्धत आहे. इमारतीपेक्षा माणसांवर खर्च करणारी अशी योजना स्वस्त असते. मात्र आशा कार्यकर्तीने शोधलेल्या रुग्णाला पुढे तपासण्यास डॉक्टर असेल, तरच तिचा उपयोग होतो.

गोवा

गोव्यात सरकारी सेवेचे केंद्र बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्था हे आहे. पणजीच्या आल्तिन्यो येथील आबे फारिया रुग्णालय हे तिचे पूर्वरूप. संमोहनशास्त्रातील अग्रणी असलेल्या गोमंतकीय धर्मगुरूंचे नाव मनोरुग्णालयास असावे, हा योग चांगला होता. गोव्यातीलच ‘संगथ’ या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने, डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने, प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक महत्त्वाचा प्रयोग केला. वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन नैराश्य व घातक मद्यपान यांवर थोड्या बैठकांचे समुपदेशन त्यांच्याकडून करविले. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हे समुपदेशन परिणामकारक ठरले. तज्ज्ञांची संख्या वाढेपर्यंत निधी कोठे वळवावा, याचे हे एक तपासलेले उत्तर आहे.

विमा

कायद्याच्या २१ व्या कलमाने शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमा देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये तशा सूचना दिल्या. मात्र २०१९ मध्ये प्राधिकरणानेच ठरविलेल्या प्रमाणित अपवादांच्या यादीत दारू व अंमली पदार्थांच्या व्यसनावरील उपचारांचा समावेश आहे. कायदा व्यसनाला मानसिक आजार म्हणतो व विमापत्र तोच आजार वगळू शकते, अशी ही विसंगती आहे. आयुष्मान भारत योजनेत मनोविकारांचा समावेश असला, तरी तिचे संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यापुरते आहे. मनोविकारांत मुख्य खर्च दाखल होण्यावर होत नाही. वर्षानुवर्षे चालणारी औषधे, दर महिन्याची फेरी आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी यांवर तो होतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात कुटुंबांना उपचार व प्रवासासाठी महिन्याला सुमारे १,००० ते १,५०० रुपये खर्च येत असल्याचे आढळले होते. निम्हान्सने १२ राज्यांत केलेल्या या सर्वेक्षणात महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

निधी अखर्चित राहण्याची कारणे

तरतूद अपुरी असतानाही ती पूर्ण खर्च होत नाही, ही या क्षेत्रातील सर्वांत बुचकळ्यात टाकणारी गोष्ट आहे. तिचे मुख्य कारण मनुष्यबळाचे आहे. भारतात एक लाख लोकसंख्येमागे सुमारे ०.७५ मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि अपेक्षित प्रमाण तीन मानले जाते. जे आहेत ते बहुतांशी शहरांत आहेत. जिल्हा कार्यक्रमातील पदे बहुधा कंत्राटी असतात. खासगी व्यवसायात मिळणाऱ्या उत्पन्नाच्या मानाने वेतन कमी, नोकरीची शाश्वती नाही, म्हणून जाहिरात निघते पण अर्ज येत नाहीत. तज्ज्ञ नसल्याने बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून एकदा भरतो, रुग्ण कमी नोंदले जातात, औषधांची मागणी कमी जाते व रक्कम परत जाते. पुढील वर्षाची तरतूद ठरविताना मागील वर्षाचा खर्च पाहिला जातो. अशा रीतीने न झालेला खर्च हाच कमी गरजेचा पुरावा ठरतो.

औषधांचा पुरवठा खंडित होणे हा याच साखळीचा शेवटचा दुवा असतो. लिथियम किंवा क्लोझापिन यांसारखे औषध अचानक बंद झाल्यास आजार उलटण्याचा धोका मोठा असतो. ग्रामीण रुग्णालयात साठा संपला की काही कुटुंबे औषध बाहेरून विकत घेतात, काही अर्धी मात्रा देऊन दिवस काढतात. आजार उलटल्यावर रुग्णाला प्रादेशिक मनोरुग्णालयात दाखल करावे लागते आणि गोळ्यांवर वाचलेले पैसे खाटेवर खर्च होतात.

कायद्याच्या ३१ व्या कलमाने मानसिक आरोग्य व्यावसायिकांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणापर्यंत नेण्यासाठी कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांची मुदत दिली आहे. ती २०२८ मध्ये संपते.